जर्मनीत शिकताना इंटर्नशिप: कंपनी शोधण्याआधी अभ्यासक्रमाचे नियम वाचा

फोंड्याच्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न आहे. फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून मेकॅनिकलची पदवी झाली आहे, जर्मनीत दोन वर्षांच्या एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला आहे, ऑक्टोबरात निघायचं आहे. घरच्यांनी बँकेचं कर्ज काढलं आहे, म्हणून पहिल्या सेमिस्टरपासूनच सहा महिन्यांची पगारी इंटर्नशिप धरून खर्च भागवायचा बेत आहे. अमेरिकेतला मावसभाऊ सांगतो, पहिल्या वर्षी हातसुद्धा लावू नकोस, व्हिसा जाईल. पोर्तुगीज पासपोर्टवर जर्मनीत गेलेला वर्गमित्र सांगतो, इथे कोणी काही विचारत नाही. आणि मडगावचा एक एजंट आगाऊ पैसे घेऊन 'हमखास पगारी इंटर्नशिप' लावून देतो म्हणतो. यातलं खरं कोणाचं?

एजंट बाजूला ठेवला तर दोघंही खरंच सांगतायत, पण आपापल्यापुरतं. एकाचा देश वेगळा, दुसऱ्याचा पासपोर्ट वेगळा. तुम्ही भारतीय पासपोर्टवर जर्मनीत जाताय, तेव्हा तुम्हाला तिसराच नियम लागू होतो. तुमचा प्रश्न 'इंटर्नशिप करता येईल का' असा दिसत असला तरी खरी मेख वेगळीच आहे: ती इंटर्नशिप तुमच्या अभ्यासक्रमाच्या नियमांत सक्तीची म्हणून लिहिली आहे, की तुम्ही आपणहून करताय? जर्मनीत कामाचे दिवस, पगार, विमा आणि राहण्याचा परवाना या चारही गोष्टी या एका उत्तरावर फिरतात. काम तेच, टेबल तेच, साहेब तोच, पण कागदावर प्रकार बदलला की हिशेब बदलतो.

म्हणून कंपन्यांची यादी करण्याआधी विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून तुमच्या अभ्यासक्रमाची नियमावली आणि मॉड्यूल हँडबुक, म्हणजे प्रत्येक विषयाची माहिती देणारी पुस्तिका, उतरवून घ्या. त्यात इंटर्नशिप आहे का, किती आठवड्यांची, कितव्या सेमिस्टरला, किती क्रेडिटची, हे बघा. एका सेमिस्टरचे साधारण ३० क्रेडिट असतात, त्यामुळे इंटर्नशिपला त्यातले किती दिलेत यावरून विभाग तिला किती वजन देतो ते कळतं. इथे बऱ्याच जणांचा एक गैरसमज होतो. जर्मनीतल्या उपयोजित विज्ञान विद्यापीठांत बॅचलरला प्रॅक्टिकल सेमिस्टर, म्हणजे कंपनीत काम करण्याचं सेमिस्टर, असतं हे ऐकलेलं असतं, आणि मास्टर्सलाही ते असणारच असं धरलं जातं. पुष्कळ एम.एस्सी. अभ्यासक्रमांत ते नसतं. काही ठिकाणी ते ऐच्छिक मॉड्यूल म्हणून असतं: घेतलंत तर क्रेडिट, नाही तर दुसरा विषय. असं ऐच्छिक मॉड्यूल तुमच्या बाबतीत सक्तीचं धरलं जाईल की नाही, ते नियमावलीच्या शब्दांवर आणि विभागावर अवलंबून आहे. सीनियरच्या तोंडी भरवशावर राहू नका. परीक्षा विभागाकडून 'ही इंटर्नशिप नियमावलीनुसार सक्तीची आहे, कालावधी इतके आठवडे' असं सही-शिक्क्याचं पत्र घ्या. एका पानाचं ते पत्र कंपनीला, विमा कंपनीला आणि पुढे परवाना वाढवताना फॉरेनर्स ऑफिसला, म्हणजे परदेशी लोकांना तो परवाना देणाऱ्या सरकारी कार्यालयाला, तिन्हीकडे लागतं.

आता दिवसांचा हिशेब. १ मार्च २०२४ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्याला जर्मनीत वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. त्याआधी ते १२० आणि २४० होते, जुन्या लेखांत अजून तेच आकडे फिरताना दिसतात. चार तासांपर्यंतचं काम म्हणजे अर्धा दिवस, त्याच्या वर गेलात की पूर्ण. लेक्चर चालू असताना आठवड्याला २० तासांच्या आत काम ठेवलंत तर तो आठवडा सरसकट अडीच दिवसांचा धरण्याचीही सोय आहे. विद्यापीठातच साहाय्यक म्हणून केलेलं काम या खात्यात येत नाही.

सक्तीची इंटर्नशिप या १४० दिवसांत धरतच नाहीत. आपणहून केलेली मात्र पूर्ण धरतात, आणि बिनपगारी असली तरी धरतात. 'पैसेच घेतले नाहीत, मग काम कसलं' हा युक्तिवाद तिथे चालत नाही. सहा महिने म्हणजे २६ आठवडे, आठवड्याला पाच दिवस धरले तर १३०. दिवसांच्या मोजणीने वर्षाचा जवळजवळ सगळा कोटा एका इंटर्नशिपमध्ये संपला, उरले दहा. मग त्याच वर्षी शनिवार-रविवारी कॅफेत काम करायचं म्हटलं की पाचव्या आठवड्याच्या शेवटी तुम्ही रेषेवर आलात. यातून एक सरळ वाट आहे. मोजणी कॅलेंडर वर्षाची असते, म्हणून ऑक्टोबर ते मार्च अशी इंटर्नशिप घेतली तर ते १३० दिवस दोन वर्षांत साधारण निम्मे-निम्मे वाटले जातात. एप्रिल ते सप्टेंबर घेतलीत तर सगळे एकाच वर्षात पडतात.

सर्वांत जास्त घोळ होतो तो या दोन प्रकारांच्या मधल्या जागेत. समजा नियमावली सांगते १२ आठवडे, आणि कंपनी म्हणते आम्हाला सहा महिन्यांपेक्षा कमी माणूस नको. विद्यार्थी खूष होऊन सही करतो. पण सक्तीची फक्त पहिल्या १२ आठवड्यांपुरती. पुढचे १४ आठवडे आपणहून केलेले ठरतात, म्हणजे ७० दिवस खात्यातून गेले. विम्याचा प्रकारही तिथे बदलू शकतो. यात बेकायदेशीर काहीच नाही, फक्त ते आधी माहीत हवं आणि कॉन्ट्रॅक्टमध्ये दोन कालावधी वेगळे लिहून घ्यायला हवेत. कंपनीच्या एचआरला हा प्रकार नवा नसतो. तुम्ही विचारलंत की तिथले लोक लिहून देतात, नाही विचारलंत तर छापील नमुना पुढे करतात.

पगाराकडे येऊ. सक्तीच्या इंटर्नशिपला जर्मनीचा किमान वेतन कायदा लागू नाही. कंपनी चांगला पगार देईल, थोडका देईल किंवा देणारही नाही. मोठ्या उत्पादन कंपन्या सहसा देतात, छोट्या संस्था आणि संशोधन प्रकल्प हात आखडता घेतात. आपणहून केलेली इंटर्नशिप तीन महिन्यांपर्यंत असेल तर तिलाही किमान वेतनातून सूट मिळते, पण तीन महिन्यांच्या वर गेली की पहिल्या दिवसापासून किमान वेतन द्यावं लागतं. २०२६ मध्ये ते तासाला १३.९० युरो आहे. मुलाखतीत कंपनी पहिलाच प्रश्न 'सक्तीची आहे का?' असा करते, तो यासाठीच. सहा महिन्यांच्या जाहिरातींत 'फक्त सक्तीची' अशी अट दिसते आणि आपणहून करणाऱ्यांना अचूक तीन महिनेच मिळतात, त्याचंही कारण हेच. नकार आला म्हणजे तुमच्यात काही कमी होतं असं दर वेळी नसतं.

खर्च भागवण्यासाठी मी इंटर्नशिपवर भिस्त ठेवायला सांगत नाही. त्यासाठी वर्किंग स्टुडंटची नोकरी जास्त भरवशाची आहे: लेक्चर चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत, तुमच्याच क्षेत्रातल्या कंपनीत, किमान वेतनाच्या हक्कासह. गणित मांडू. १३.९० युरो गुणिले २० तास म्हणजे आठवड्याला २७८, महिन्याला सरासरी १,२०० युरोच्या थोडं वर. यातून पेन्शनचे ९.३ टक्के जातात, हातात साधारण १,०९० राहतात. एवढ्या रकमेवर सहसा पगारातून आयकर कापला जात नाही. आता दुसरी बाजू. ब्लॉक्ड अकाउंटमधून, म्हणजे व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवायच्या खात्यातून, महिन्याला ९९२ युरो सुटतात, वर्षाचे ११,९०४, आणि सरकारच्या लेखी एका विद्यार्थ्याचा खर्च तेवढा आहे. त्यातून तीस वर्षांखालच्या विद्यार्थ्याचा आरोग्य विमाच दीडशे युरोच्या आसपास जातो. म्युनिकमध्ये खोलीचं भाडं उरलेल्यातला मोठा घास घेतं, केम्निट्झसारख्या पूर्वेकडच्या शहरात बरंच कमी. म्हणजे नोकरी लागली तर राहणं-खाणं निघतं. कर्जाचा हप्ता त्यातून निघेल असं घरी सांगून ठेवू नका.

पहिल्याच सेमिस्टरला? मी नको म्हणेन, आणि कारण व्हिसाचं नाही. मावसभावाचा पहिल्या वर्षाचा नियम जर्मनीत नाही, कायद्याने तुम्ही पोचल्यावर लगेच काम करू शकता. पण ऑक्टोबर-नोव्हेंबर हे दोन महिने पत्त्याची नोंदणी, बँक खातं, टॅक्स नंबर, विमा आणि परवान्याची अपॉइंटमेंट यांतच जातात. फेब्रुवारीत परीक्षा असतात आणि एकाच विषयात ठरावीक वेळा नापास झालात तर तो अभ्यासक्रमच सोडावा लागतो. ही अट आपल्याकडच्या एटीकेटीच्या सवयीने जाणाऱ्यांना उशिरा कळते. शिवाय ऑक्टोबरात कंपनीला दाखवायला तुमच्याकडे तिथला एकही निकाल नसतो. म्हणून क्रम असा ठेवावा: पहिलं सेमिस्टर अभ्यास आणि जर्मन भाषा, दुसऱ्यात वर्किंग स्टुडंट किंवा विद्यापीठातलं साहाय्यकाचं काम, तिसऱ्यात किंवा तिसऱ्यानंतर इंटर्नशिप, आणि जमलं तर त्याच कंपनीत चौथ्या सेमिस्टरचा प्रबंध. नोकरीचं दार बहुतेक वेळा या शेवटच्या जोडीतून उघडतं. पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिन्यांचा परवाना मिळतो, पण प्रबंधाच्या वेळेपासून ओळखणारी टीम असेल तर तो पूर्ण वापरायची वेळ येत नाही.

इंटर्नशिपसाठी एक सेमिस्टर 'रजेवर' टाकायचा सल्लाही तुम्हाला कोणीतरी देईल. जर्मन विद्यार्थ्यांना तो सोयीचा आहे. तुमचा परवाना मात्र शिकण्यासाठी दिलेला आहे, आणि आपणहून केलेल्या इंटर्नशिपसाठी रजा घेतलीत तर विमा आणि परवाना दोन्हीकडे प्रश्न उभे राहू शकतात. आधी विद्यापीठाचं इंटरनॅशनल ऑफिस, मग फॉरेनर्स ऑफिस, दोघांकडून ईमेलवर लेखी उत्तर आल्याशिवाय रजेचा अर्ज करू नका. याबाबत शहरागणिक ऑफिसची पद्धत वेगळी असते.

इंटर्नशिपमुळे अभ्यासक्रम पाचव्या सेमिस्टरला गेला तर इकडे बँकेतही हालचाल करावी लागते. शैक्षणिक कर्जाचा हप्ता साधारणपणे अभ्यासक्रम संपल्यावर एका वर्षाने सुरू होतो, आणि बँक ती तारीख प्रवेशपत्रावरून धरते. लांबणीचं विद्यापीठाचं पत्र मूळ तारखेच्या आधी शाखेत पोचवा. गोवा शिक्षण विकास महामंडळाचं बिनव्याजी कर्ज असेल तर तिथेही तेच पत्र द्या. वडिलांना शाखेत पाठवाल तेव्हा पत्राचं इंग्रजी भाषांतर सोबत असू द्या. जर्मन पत्र बघून मॅनेजर ते बाजूला ठेवतो आणि विषय तिथेच पडून राहतो.

आता मावसभाऊ. अमेरिकेत एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर कॅम्पसबाहेरची इंटर्नशिप सहसा सीपीटीखाली, म्हणजे अभ्यासक्रमाचा भाग म्हणून मिळणाऱ्या कामाच्या परवानगीखाली होते. त्यासाठी एक शैक्षणिक वर्ष पूर्णवेळ झालेलं असावं लागतं. अपवाद फक्त ज्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला सुरुवातीपासूनच प्रशिक्षण आवश्यक आहे त्याचा. विद्यापीठाचा अधिकारी आय-२० वर, म्हणजे विद्यापीठाने व्हिसासाठी दिलेल्या कागदावर, कंपनीचं नाव, तारखा, अर्धवेळ की पूर्णवेळ हे नोंदवतो, आणि ती नोंद झाल्याशिवाय एक दिवसही काम करायचं नाही. पूर्णवेळ सीपीटी १२ महिने झालं तर त्या पातळीवरचा ओपीटी, म्हणजे शिक्षणानंतर तिथे काम करण्याची मुभा, जाते. तेव्हा त्याचं घाबरणं रास्त आहे, फक्त ते तुम्हाला लागू नाही. ब्रिटनचा विचार करणाऱ्यांसाठी एवढंच: पदवी किंवा त्यावरच्या पातळीवर सत्रात आठवड्याला २० तास, सोमवार ते रविवार असा आठवडा मोजतात, बिनपगारी नोकरीही त्यातच येते, आणि एका वर्षाच्या मास्टर्सला उन्हाळ्यात प्रबंध चालू असतो म्हणून तो काळ सुट्टीचा धरत नाहीत.

पोर्तुगीज पासपोर्टचं गोव्यात घरोघर बोललं जातं, म्हणून स्पष्ट सांगतो. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांच्या कुटुंबांतून ज्यांनी पोर्तुगीज नागरिकत्व घेतलं, ते युरोपीय संघाचे नागरिक. त्यांना जर्मनीत १४० दिवसांची मर्यादा नाही, विद्यार्थी व्हिसा नाही, ब्लॉक्ड अकाउंट नाही. तुमचा मित्र म्हणतो ते एवढ्यापुरतं बरोबर आहे. पण सक्तीची आणि आपणहून केलेली यांतला पगाराचा आणि विम्याचा फरक पासपोर्ट बघत नाही, तो त्यालाही तसाच लागू आहे. आणि ब्रिटन ३१ डिसेंबर २०२० नंतर त्या वाटेत नाही, नव्याने जाणाऱ्याला तिथे व्हिसा लागतोच. इंटर्नशिपच्या सोयीसाठी मीही नागरिकत्व घेऊ का, असं मनात असेल तर थांबा. परदेशी नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व जातं. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी घेण्यासारखा तो निर्णय नाही, घरच्यांशी बसून वेगळा करायचा विषय आहे.

एजंटबद्दल लांबण लावत नाही. जर्मन कंपनी इंटर्नकडून पैसे घेत नाही, आणि तुमची नियमावली न बघता 'हमखास' म्हणणाऱ्याला वर सांगितलेला फरकच माहीत नाही, किंवा माहीत असून तो सांगत नाही. आणखी एक टोपी घातली जाते ती फ्रीलान्सची: 'इंटर्न म्हणून नको, बिल देऊन काम करा'. विद्यार्थी परवान्यावर स्वतंत्र व्यवसायाला वेगळी परवानगी लागते. जर्मनीत बसून वेर्ण्याच्या कंपनीसाठी ऑनलाइन काम करणं हेही कामच आहे, पगार गोव्यातल्या खात्यात जमा झाला म्हणून ते अदृश्य होत नाही.

अर्ज कधी? मोठ्या कंपन्यांत सुरुवातीच्या तारखेच्या चार ते सहा महिने आधी. एप्रिलला सुरू करायचं तर नोव्हेंबरात कागद तयार हवेत. तारखांसह दोन पानांच्या आतला बायोडाटा, एका पानाचं पत्र, एनरोलमेंटचं प्रमाणपत्र, आतापर्यंतचे गुण, पदवीची गुणपत्रिका आणि वर सांगितलेलं सक्तीचं पत्र, सगळं एकाच पीडीएफमध्ये. पत्रात पहिल्या तीन ओळींत लिहा: कोणत्या तारखेपासून, किती आठवडे, सक्तीची की आपणहून. निवडणाऱ्याला आधी तेच हवं असतं. गोवा विद्यापीठाचे गुण तिथल्या पद्धतीत बदलून कंसात द्या, कारण तिकडे १ सर्वोत्तम आणि ४ जेमतेम पास. १० पैकी ८ सीजीपीए असेल आणि उत्तीर्ण होण्याची किमान पातळी ४ धरली तर १ + ३ × (१० − ८) ÷ (१० − ४) = २.०. नुसतं '८' लिहिलंत तर वाचणाऱ्याला काही बोध होत नाही. भाषेचं म्हणाल तर सॉफ्टवेअरमध्ये इंग्रजीवर निभावतं, पण मेकॅनिकलला शॉप फ्लोअरवरचा माणूस जर्मनच बोलतो. जर्मन भाषेची बी१ ही मधली पातळी झाली की जाहिरातींतला बराच मोठा भाग तुमच्यासाठी उघडतो, त्यापुढच्या बी२ वर त्याहून जास्त.

कॉन्ट्रॅक्ट आलं की सही करण्याआधी चार ठिकाणी बोट ठेवून वाचा. प्रकार: 'प्फ्लिश्टप्राक्टिकुम' म्हणजे सक्तीची, 'फ्रायविलिगेस प्राक्टिकुम' म्हणजे आपणहून केलेली. सक्तीचं पत्र दिलेलं असूनही छापील नमुन्यात दुसराच शब्द राहून गेलेला सापडतो, तो बदलून मागा. तारखा: नियमावलीतल्या आठवड्यांशी जुळतात का. तास: आठवड्याला ३५ ते ४० असतील, पण तेव्हा तुमची जुनी वर्किंग स्टुडंटची नोकरी चालू राहणार असेल तर त्या नोकरीचे दिवस खात्यात पडतच राहतात. आणि पगार: महिन्याचा एकूण आकडा. शेवटच्या आठवड्यात कामाचं प्रमाणपत्र मागून घ्या, त्यात केलेल्या कामाचं वर्णन आणि मूल्यमापन दोन्ही हवं. जर्मनीत पुढच्या प्रत्येक अर्जाला ते जोडावं लागतं. पगारातून आयकर कापला गेला असेल तर पुढच्या चार वर्षांपर्यंत विवरणपत्र भरून परतावा मागता येतो. पूर्ण वर्षाचं उत्पन्न कमी असल्यामुळे विद्यार्थ्यांना तो बहुतेक वेळा मिळतो.

निघायला अजून वेळ आहे, तेव्हा दोन कामं गोव्यातच उरका. पदवीच्या काळात वेर्ण्याला किंवा कुंडईला एखाद्या कारखान्यात प्रशिक्षण केलं असेल तर त्याचं पत्र नव्याने घ्या, लेटरहेडवर, सुरुवातीची आणि शेवटची तारीख, विभाग, वापरलेली यंत्रं आणि सॉफ्टवेअर यांच्या नावांसह. 'हा विद्यार्थी मेहनती आहे' एवढ्या ओळीचा तिकडे उपयोग होत नाही. काही विभाग असं आधीचं प्रशिक्षण सक्तीच्या आठवड्यांत वजा धरतात. ते पहिल्याच महिन्यात विचारून घ्या, कारण १२ पैकी सहा आठवडे इकडचे धरले गेले तर वरचा सगळा हिशेब नव्याने मांडावा लागेल. दुसरं, नियमावलीचा दुवा आणि तुमच्या विषयाचं नाव इथेच लिहा. त्यातलं इंटर्नशिपचं कलम बघून तुमची गणना कोणत्या प्रकारात होईल ते सांगता येईल.